नऊ घागरी आणि एक पाटी

मंगल सोनकांबळे हुमनाबाद डेपोची कंडक्टर. नोकरीला सोळा वर्षं झाली, आणि या सोळा वर्षांत तिच्या बसच्या दारात लोंबकळत गेलेला एक माणूस कुणी दाखवून द्यावा. आवाज असा, की मागच्या सीटवर डुलकी काढणारा आपला थांबा आला म्हणून दचकून उठतो आणि दोन थांबे आधीच उतरून बसतो. कन्नड, मराठी आणि दख्खनी हिंदी या तिन्ही भाषांत ती सारख्याच ताकदीनं भांडते. बायकांना तिकीट फुकट झाल्यापासून बसला जत्रेची गर्दी असते, पण मंगलच्या गाडीत सगळे मुकाट आत सरकतात. नवरा राजपाल हायस्कुलात मास्तर आहे. तो म्हणतो, "घरात बी तसंच हाय. मी आपला पुढं सरकत ऱ्हातो."

अशी ही बाई घागरी करायला लागली याचं डेपोत सगळ्यांना नवल. झालं होतं एवढंच, की गाडी कलबुर्गीला लागली की परतीच्या फेरीपर्यंत दीड तास मोकळा मिळायचा. बाकीचे त्या वेळात चहा पितात, साहेबांना शिव्या घालतात. मंगलला नुसतं बसवत नाही. सहा वर्षांपूर्वी स्टँडच्या मागच्या गल्लीत हिंडताना तिला स्टीलच्या भांड्यांच्या दुकानाशेजारी एक जिना दिसला, वर पाटी होती 'अंगळ'. कन्नडमध्ये अंगण. वरच्या मजल्यावर कसलं आलंय अंगण, म्हणून बघायला गेली. हॉलच्या भिंतींवर चित्रं लावलेली होती आणि मागच्या खोलीत पाच-सहा शिकलीसवरली माणसं कोपरापर्यंत मातीत बरबटून बसली होती.

गॅलरीची मालकीण मंजुश्री भालकीकडची. खाकी शर्टातली बाई दारात उभी राहून मातीकडे टक लावून बघतेय, हे तिच्या लक्षात आलं.

"शिकायचंय का?" तिनं विचारलं.

"दीड तास हाय माझ्याकडं," मंगल म्हणाली आणि बाह्या सरसावल्या.

तिथं काहीजण ताटं करत, काहीजण मुखवटे, काहीजण असं काही करत की ते काय आहे हे करणाऱ्यालाही सांगता येत नसे. मंगलला त्यातलं काही रुचलं नाही. तिचं मन बसलं ते खटकचिंचोळीच्या काशप्पा कुंभारावर. हा म्हातारा आठवड्यातून एकदा येऊन घागर थापटायला शिकवायचा. चाकावर आधी जाडजूड, बुटकं, बिनबुडाचं भांडं काढायचं. ते जरा सुकून आवळलं की आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकायचं आणि ठोकत ठोकत त्याला फुगवत न्यायचं. बूडसुद्धा ठोकूनच मिटवायचं. हात हलका पडला तर घागर जड राहते, जोरात पडला तर फाटते. मंगलच्या पहिल्या चाळीस घागरी फाटल्या. काशप्पा कपाळाला हात लावून म्हणायचा, "अक्का, ही घागर हाय, विदाऊट तिकीट माणूस न्हाई."

पण तिनं चिकाटी सोडली नाही. आणि सहा वर्षांत तिनं घागरीशिवाय दुसरं काहीही केलं नाही. मंजुश्रीनं एकदा विचारलं, "सारख्या घागरीच कामून?" तेव्हा मंगलनं गाडीची वेळ झाली म्हणून विषय टाळला.

कारण होतं तिची माय, शोभाबाई.

घागर घ्यायची ती वाजवून, ही या मुलखातली रीत. कुंभाराच्या अंगणात जायचं, घागर उचलून बोट वाकवून दोन टकोरे मारायचे, कान द्यायचा. ठणठणीत वाजली तर घ्यायची. बद्द वाजली तर आत कुठंतरी तडा आहे असं समजून बाजूला सारायची आणि म्हणायचं, "ही नको, दुसरी दाव." पण ही रीत सगळ्यांसाठी नव्हती. शोभाबाई पंधराव्या वर्षी लग्न होऊन हळ्ळीखेडला आली, तेव्हा वस्तीनं धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती. वस्तीच्या माणसांच्या मनातून जुनं कधीच गेलं होतं, गावाच्या अंगणातून गेलं नव्हतं. वस्तीच्या बायकांनी अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि बोटानं घागर दाखवायची. कुंभार ती आणून मधे जमिनीवर ठेवणार आणि मागं सरणार, मग हिनं पुढं होऊन उचलायची. त्याआधी हात लागला की घागर बाटली. मग वाजवणार कशी आणि नको म्हणणार कशी?

मंगल सात वर्षांची असताना मायबरोबर जायची. माय घागर घरी आणायची, उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि तेव्हा कुठं बोट वाकवून टकोरे मारायची. बऱ्याचदा बद्द आवाज यायचा. ती घागर कोपऱ्यात जायची आणि पुढं तिच्यात तुरीची डाळ भरली जायची, दुसरीत चिंचा, तिसरीत राख. पाणी ज्यात ठरत नाही अशा घागरींनी घर भरलं होतं. मंगलला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी एवढ्या घागरी असतात.

पुढं प्लास्टिकच्या घागरी आल्या, नळ आले, कुंभाराचं अंगण बंद पडलं आणि त्याबरोबर ती रीतही गेली. कुणी मोडली नाही, कुणी चूक कबूल केली नाही, आपली निघून गेली. मंगलला राग होता तो याचाच. भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं, आणि भांडणावाचून एखादी गोष्ट सोडून देणं तिच्या स्वभावात नाही.

म्हणून यंदा जानेवारीत जेव्हा मंजुश्रीनं सात जणांचं प्रदर्शन ठरवलं, चौघांची चित्रं आणि तिघांचं मातीकाम, त्यात मंगलचंही नाव घातलं, तेव्हा मंगलला एकच गोष्ट हवी होती. मायनं यावं, चार माणसांदेखत घागर वाजवावी, आणि तडकलेली असेल तर नको म्हणावं.

तिनं नऊ घागरी केल्या. काशप्पाच्या आव्यात, तुराट्या आणि गोवऱ्यांवर, त्या भाजून निघाल्या. आठ ठणठणीत वाजल्या, एकीला खांद्यापाशी तडा गेला. वरून गेरूचा हात होता, त्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हता, पण वाजवली की लगेच कळत होतं. मंजुश्री म्हणाली, ही काढून ठेवू. मंगल म्हणाली, काढायची नाही, हीच तर मला पाहिजे. मग मात्र तिला सगळं सांगावं लागलं. मंजुश्रीनं ऐकून घेतलं आणि तडकलेली घागर इतरांसोबत ओट्यावर मांडली.

अडलं ते पाटीवर. मातीकामाच्या प्रत्येक ओट्यावर एक वीतभर लाकडी पाटी असायची, कन्नड आणि इंग्रजीत: हात लावू नका. गेल्या वर्षी एका पाहुण्याच्या पिशवीचा धक्का लागून तीन भांडी फुटली होती, तेव्हापासून हा नियम.

"माझ्या ओट्यावर पाटी नको, अक्का," मंगल म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखाच असतो, मंगलक्का. तुमची काढली तर बाकीचे काय म्हणतील? असं करू, संध्याकाळी लोक गेले की अम्मांना घेऊन या. हव्या तेवढ्या वाजवू देत."

"मागल्या दारानं? लोक गेल्यावर?" मंगलचा आवाज चढला. "अक्का, लोक हाईत तवाच तर पायजे. एकटीनं घरात लई वाजवल्या तिनं."

मंजुश्री वाईट बाई नव्हे. तिला फुटक्या भांड्यांची धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. "बघू त्या दिवशी," एवढंच ती म्हणाली. मंगल तणतणत जिना उतरली. त्या दिवशी परतीच्या फेरीत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही.

उद्घाटनाला मंगलनं रजा टाकली होती, पण डेपोत माणूस कमी पडला आणि रजा नामंजूर झाली. मग काय, तिनं मायला हळ्ळीखेडहून आदल्या दिवशीच आणून ठेवलं आणि सकाळी आपल्याच गाडीत पुढच्या सीटवर बसवून कलबुर्गीला नेलं. शोभाबाईचं वय शहात्तर. पांढरी, निळ्या काठाची साडी, हातात कापडी पिशवी. वाटेत तिनं सगळ्या गाडीला सांगून टाकलं, "माझ्या लेकीची परदर्शनी हाय." राजपाल शाळेतून परस्पर येणार होता. मंगल खाकी शर्टात, गळ्यात शिट्टी, तशीच जिना चढली.

हॉल भरला होता. मास्तर, डॉक्टर, कॉलेजची पोरं, कॅमेरे. भिंतीवर पल्लवी नावाच्या चित्रकर्तीची मोठमोठी चित्रं होती, वरून पाहिलेली शेतं, नुसते तपकिरी चौकोन. शोभाबाई एकापुढं थांबली, मान तिरकी करून म्हणाली, "पाऊस न्हाई पडला वाटतं हितं." पल्लवी शेजारीच उभी होती. तिनं ते उन्हाळ्यातच काढलं होतं. ती एवढी खूश झाली की कुणी बक्षीस दिलं असतं तरी तेवढी झाली नसती.

मग मायलेकी घागरींच्या ओट्यापाशी आल्या. आणि शोभाबाई तीन हातांवर थांबली.

तिला कुणी थांबवलं नव्हतं. पायच थांबले. पदर तिनं अंगाशी आवळून घेतला, जराशी पुढं वाकली आणि बोट लांब करून म्हणाली, "ती. ती तिकडची बरी दिसायली."

सात वर्षांची असताना जे पाहिलं होतं ते मंगलच्या समोर हुबेहूब उभं होतं. "माय, पुढं जा की," ती म्हणाली. "हात लावून बघ."

शोभाबाईला अक्षरओळख नाही, पण पाटी म्हणजे काहीतरी मनाई, एवढं आयुष्यात कळलेलं. "त्या पाटीवर काय लिवलंय?"

तिन्ही भाषांत भांडणाऱ्या बाईचा आवाज पार खाली आला. "हात लावू नका, असं लिवलंय," ती म्हणाली.

"हितं बी व्हय?" शोभाबाई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. रस्त्याची चौकशी करावी तसं विचारलं, आणि सवयीनं आणखी दोन पावलं मागं सरली.

त्या दोन पावलांनी मंगलचं डोकं फिरलं. तिनं गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि हॉल दणाणून जाईल अशी एक शिट्टी मारली. एक शिट्टी म्हणजे गाडी थांबवा, हे या मुलखात सगळ्यांना ठाऊक. बोलणारे गप्प झाले, चहाचे कप हातात राहिले, कॅमेरे वळले. राजपाल नुकताच जिना चढून आला होता, तो पायरीवरच उभा राहिला.

मंगलनं ओट्यावरची पाटी उचलली आणि मायच्या हातात दिली. "हे धर," ती म्हणाली. मग लोकांकडे वळून, गर्दीच्या बसमधल्या आवाजात, आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत म्हणाली, "ही माझी माय. हिनं वर्सानुवर्सं घागरी घेतल्या आन् एकदा बी वाजवून घेऊ दिली न्हाई हिला. कुंभाराच्या अंगणात हात लावायचा न्हाई म्हणून. आज ही वाजवणार. ज्याला घाई हाय त्यानं पुढच्या गाडीनं जावं."

कुणी हसलं नाही. कुणी गेलंही नाही. सगळ्यांच्या नजरा मंजुश्रीकडे गेल्या. ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणा मोठ्या पाहुण्याजवळ उभी होती. ती गर्दीतून वाट काढत आली, मंगलकडे पाहिलं, शोभाबाईच्या हातातल्या पाटीकडे पाहिलं. मंगलनं मनातल्या मनात घागरी टेम्पोत भरूनसुद्धा टाकल्या.

"सरका मागं सगळे," मंजुश्री लोकांना म्हणाली. "अम्मांना जागा द्या."

शोभाबाई पुढं झाली. डाव्या हातात पाटी, उजव्या हाताचं बोट वाकवलेलं. ते बोट घागरीपासून चार बोटांवर थांबलं. मंगलला वाटलं, आता ही मागं फिरणार. आणि मग टकोरा पडला.

ठण्.

किती लांबलेला होता तो आवाज. शोभाबाईनं ओठ मुडपले, मान हलवली, दुसरीकडे गेली. ठण्. तिसरी. चौथी. प्रत्येकीला दोन टकोरे, मग कान. हळूहळू पदर सुटला, पाठ ताठ झाली आणि चालणं एखाद्या हिशेबी गिऱ्हाइकाचं झालं. पाचवी घागर. बद्द.

ती थांबली. पुन्हा वाजवली. मंगलनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शोभाबाईनं लेकीकडे पाहिलं, भरल्या हॉलकडे पाहिलं. नव्वद माणसांसमोर लेकीच्या मालाला नाव ठेवायचं, हे काही सोपं नव्हतं.

"ही नगं," ती म्हणाली. आणि मग मोठ्यानं, "दुसरी दाव."

मंगलला आनंदानं रडूच आलं, पण डोळ्यांतलं पाणी बाहीनं पुसून ती ऐटीत म्हणाली, "दावते की. नऊ हाईत. सावकाश बघा बाई."

मंगलच्या मनातलं सगळं झालं होतं. इथं ही गोष्ट संपायची. पण शोभाबाई आता कुणाला ऐकणार होती? तिनं सहावी वाजवली, सातवी वाजवली. आठवीला दोन टकोऱ्यांवर समाधान झालं नाही. तिनं तिसरा मारला, चौथा मारला, कान टेकवला.

"ही बी नगं."

"माय, ती चांगली हाय. मी सोता वाजवलीय."

"तू वाजवलीस. मी ऐकायले."

लोकांत कुजबुज झाली. उद्घाटनाला आलेला काशप्पा गर्दीतून पुढं आला. त्यानं घागर उचलून वाजवली, पुन्हा वाजवली. "न्हाई अक्का, नीट वाजायलीय," तो म्हणाला. "माझ्या आव्यातली हाय."

"पाणी घाला तिच्यात," शोभाबाई म्हणाली.

मंजुश्रीनं स्वतः पाणी आणून घागर गळ्यापर्यंत भरली. सगळे वाट बघत उभे. मातीची घागर कधीतरी सगळीच ओलसर होते, तिचं ते कामच आहे, पण त्याला तास जातो. इथं पाच मिनिटांत, बुडाच्या वर चार बोटं, केसाएवढी एक काळी रेघ उमटली आणि तिच्या टोकाला एक थेंब येऊन उभा राहिला.

काशप्पानं कपाळावर हात मारला. "पन्नास वर्सं झाली मला माती करून. ह्यो कान कुठं तयार केलासा, अक्का?"

"घरी," शोभाबाई म्हणाली. "घरी आणून वाजवायची मी. उशिरा कळायचं. पण कळायचं."

काशप्पाची मान खाली गेली. "आमच्या बी अंगणात तसंच व्हतं," तो म्हणाला. "मी बघितलंय. ठिवणारा मीच व्हतो." मग त्यानं दोन्ही नाकारलेल्या घागरी आपल्या हातांनी उचलून ओट्याखाली ठेवल्या, आणि राहिलेल्या सातांकडे हात करून म्हणाला, "ह्यातली घ्या. घ्याल ती तुमची."

शोभाबाईनं राहिलेली नववी वाजवली, मग सातही पुन्हा वाजवल्या. आता घाई तिला नव्हती, जगाला होती. शेवटी तिनं एक निवडली आणि सरळ कमरेवर घेतली.

त्यानंतर हॉलचं काय झालं ते विचारू नका. डॉक्टर वाजवायला लागले, मास्तर वाजवायला लागले, एका ताटवाल्यानं आपली पाटी आपणच काढून खिशात घातली. मोठे पाहुणे बोट वाकवून कान देऊन उभे. ज्यांनी घागर कधी विकत घेतली नव्हती तेही "ही नको, दुसरी दाव" म्हणून बघत होते. मंगलनं सगळ्यांना रांगेत लावलं. "एकेकानं या, ढकलायचं न्हाई, वाजवून झालं की पुढं सरका!" मंजुश्री एका कोपऱ्यात उभी राहून हसत होती आणि काही फुटत तर नाही ना म्हणून डोळ्यांत तेल घालून बघतही होती. काहीही फुटलं नाही. घड्याळात गाडीची वेळ झाली तेव्हा मंगलनं दोन शिट्ट्या मारल्या, म्हणजे चालू द्या, आणि मायला घेऊन जिना उतरली.

परतीच्या गाडीत शोभाबाई पुढच्या सीटवर, मांडीवर घागर. शहर मागं पडल्यावर तिनं विचारलं, "एक तडकलेली तू मुद्दाम ठिवली व्हतीस, व्हय?"

"व्हय."

"आन् दुसरी?"

मंगल तिकिटाच्या मशीनशी चाळा करत म्हणाली, "ती चुकून."

शोभाबाईला हसू फुटलं. ती हुमनाबाद येईपर्यंत थांबून थांबून हसत होती, आणि कामून हसताय म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक बाईला लेकीची फजिती पहिल्यापासून सांगत होती. गाडीचा धाक त्या दिवशी पार धुळीला मिळाला. मंगलनं एकदाही ओरडून कुणाला गप्प केलं नाही.

घागर आता हळ्ळीखेडला, शोभाबाईच्या घरात, उंबऱ्याच्या आत तिवईवर असते. पाणी गार राहतं. गर्दीत पाटी परत द्यायची राहून गेली आणि ती पिशवीतून घरी आली. मंजुश्रीनं फोनवर सांगितलं, राहू दे, मला आता लागत नाही. वीतभर रुंद, गुळगुळीत, घागरीच्या तोंडावर नेमकी बसते, म्हणून शोभाबाईनं ती झाकण केली आहे, अक्षरं वर करून. वाचता येणारा कुणी पाणी प्यायला आला की आधी पाटी वाचतो आणि बिचकून मागं बघतो.

"उचल की," शोभाबाई आतून म्हणते. "आन् आधी वाजवून बघ."